नाकावर नसलेला चष्मा

लेकीचं लेझर ऑपरेशन होऊन महिना झाला. चौथीत असताना तिला चष्मा लागला होता. कॉलेजात लेन्स लावून पाहिल्या, पण त्या डोळ्यांना खुपायच्या, म्हणून पुन्हा चष्माच. आता तोही सुटला.

आज दुपारी ती माझ्याशेजारी पेपर वाचत बसली होती. वाचता वाचता तिचं बोट नाकावर गेलं, घसरलेला चष्मा वर सारल्यासारखं करून खाली आलं. चष्मा नव्हताच. तिचं तिलाच हसू आलं.

मला मात्र आलं नाही. डोळ्यांचा नंबर घालवायला आता किती उपाय निघालेत! पण तिथे काही उरलेलं नाही, हे हाताला कुणी सांगायचं? तो आपला इमानाने जातो आणि रिकाम्या जागेला शिवून परत येतो.

"आई, ही सवय जाईल ना गं?" तिने विचारलं.

"जाईल हळूहळू," मी म्हटलं.

समोर टीव्ही चालू होता. आवाज मी रोजच्यासारखा अगदी बारीक ठेवला होता. तिचे बाबा दुपारी आतल्या खोलीत झोपायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.