जुनाटांची रांग

शरणप्पाच्या पायाची पट्टी सोडायला मी खाली बसलो, तर तोच दचकून मागं सरला.

"कामून सोडायलाव, डॉक्टरसाब? डबी तेवढी भरून द्या की."

निजामाच्या अमलातली गोष्ट. औराद तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नवखा असिस्टंट डॉक्टर होतो. शरणप्पा टपालाचा हरकारा. थैली खांद्यावर टाकून, घुंगरांची काठी वाजवत संतपूरच्या वाटेनं रोज धावायचं, ही त्याची नोकरी. पाय गेला की नोकरीही गेली. टाचेची जखम दोन उन्हाळे भरत नव्हती, म्हणून त्याच्या चिठ्ठीवर 'क्रॉनिक' असा शेरा पडला होता. क्रॉनिकवाल्यांनी लिंबाखाली वेगळ्या रांगेत बसायचं, घरची डबी पुढं करायची, मलम घ्यायचं नि वाट धरायची, अशी आमच्याकडची रीत. तपासायचं ते नव्या पेशंटांना.

"आत कायतरी टोचायलंय," शरणप्पा म्हणाला. "पयल्यापून सांगायलोय. ऐकतंय कोण?"

मी बड्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. "साहेब, चीर देऊन बघू का?"

"अरे मियाँ, मुज़मिन है वो. उसकू क्या देखना? नए मरीज़ां देखो."

आमची डॉक्टरी हैदराबादेत उर्दूतून झालेली. क्रॉनिकला आम्ही मुज़मिन म्हणायचो. क्रॉनिकच्या मुळाशी ग्रीक ख्रोनोस, म्हणजे काळ. मुज़मिनच्या मुळाशी अरबी ज़मान, तोही काळच. आपला 'जमाना' त्यातलाच. दुखणं बराच काळ चाललंय, एवढंच दोन्ही शब्द सांगतात. बरं होणार नाही, हे साहेबांनी पदरचं घातलेलं. मला संताप आला, पण नवख्याचा संताप विचारतो कोण!

साहेब दौऱ्यावर गेले त्या दिवशी मी चीर दिली. आत बाभळीचा काटा होता, काळा पडलेला. तो चिमट्यानं सहज निघाला, पण भोवतालचं हाड पार सडलं होतं. शरणप्पाला बैलगाडीत घालून बिदरला पाठवलं. तिथं पाय गुडघ्याखालून कापला. टपालखात्यानं त्याची घुंगरांची काठी परत घेतली.

साहेब आले. मी काटा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बोटानं बाजूला सारला.

"मुज़मिन था. पाँव तो जानाइच था."

दुखणं जितकं जुनं, तितकं ते नीट बघावं, एवढाच धडा. तो आम्हा शिकलेल्यांना शिकवायला पाय मात्र शरणप्पाचा लागला. आणि साहेब शिकले नाहीतच.