एका घराला एक पट्टी

आर्लिस टोर्गर्सनचा खुबा बरा होऊन चार वर्षं झाली होती, पण ही गोष्ट डॉक्टर सोडून तिनं कुणालाही सांगितली नव्हती.

तशी बाई खोटं बोलणारी नव्हे. ऑल्डर लेक गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली. करपलेल्या भाजीला तिनं करपलेलीच म्हटलं आणि तरीही पोरांकडून ती संपवून घेतली. पण खुब्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी मागच्या गल्लीतला डेल्मर हाउगेन न बोलावता आला, सुक्या कचऱ्याचा तिचा निळा डबा गराजमधून ओढत रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला, आणि तिथून सगळं बिघडलं. किंवा जमलं म्हणा.

डेल्मर चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा, उंच आणि अबोल. हात इतका आखडता की ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचा. त्या दिवशी डबा ठेवून तो निघाला, तेव्हा आर्लिसनं कुबडी टेकत दार उघडलं.

"कॉफी तरी घ्या."

"नको, नको."

"केलेलीच आहे हो."

"बूट ओले आहेत माझे."

"असू देत. फरशी काय आजची आहे?"

"मग अर्धा कप," असं म्हणत डेल्मर आत आला आणि तीन कप प्यायला.

हे असंच असतं. ऑल्डर लेकमध्ये पहिल्याच आग्रहाला हो म्हणणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर तापात बरळत असतो. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उपकार केल्यासारखं घ्यायचं, ही तिथली रीत. ताटलीतला शेवटचा तुकडा तर कुणी उचलतच नाही. त्याचा अर्धा, अर्ध्याचा पाव करत करत शेवटी चिमणीला पुरेल एवढा उरतो आणि तोही मग झाकून ठेवतात.

सुक्या कचऱ्याचा ट्रक एकाआड एक मंगळवारी येई. म्हणजे डेल्मरही एकाआड एक मंगळवारी येई. उन्हाळा लागला, कुबडी गेली, आर्लिस जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायला लागली. पण मंगळवार उजाडला की तिचा पाय न चुकता दुखायचा. सोमवारी संध्याकाळी ती रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या भाजायची, केसांना कुरळे करणारे रोलर लावून झोपायची, आणि सकाळी दारात उभं राहताना एका बाजूला जरा कलायची. कधी घाईत चुकीच्या बाजूला कलायची. डेल्मर काही बोलायचा नाही. तो तसाही काही बोलायचा नाही.

अडचण एकच होती. एकट्या बाईचा सुका कचरा तो किती? दोन पत्र्याचे डबे, एक खोकं, चार कागद. निळा डबा कसा फुलासारखा हलका. असला डबा ओढायला दुसऱ्याला बोलवायचं म्हणजे लाजच की. मग आर्लिस मैत्रिणीकडची, ओपलकडची रद्दी मागून आणायला लागली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच्या शिकारीच्या मासिकांचे गठ्ठे तळघरात होते. ते तिनं एकेक करून डब्यात घातले, मनातल्या मनात त्याची माफी मागून. एका मंगळवारी काहीच मिळेना, तेव्हा तळाशी दोन विटा ठेवल्या आणि ट्रक यायच्या आत चोरासारखी जाऊन काढूनही आणल्या.

असं सगळं सुखात चाललेलं असताना नोव्हेंबरात एका शुक्रवारी, क्लबात तळलेल्या माशांवर लिंबू पिळता पिळता ओपल म्हणाली, "ऐकलंस का? तो निळ्या डब्याचा ट्रक बंद करतायत."

आर्लिसच्या हातातला काटा तसाच राहिला. "बंद म्हणजे?"

"अगं, नगरपालिकेकडे पैसे नाहीत. घरपट्टी वाढवायची तर राज्य वाढवू देत नाही, आणि रद्दीला आता कुत्रं विचारत नाही. म्हणून पाण्याच्या बिलात घरटी एक वेगळी पट्टी लावायची म्हणतायत, फक्त सुक्या कचऱ्यासाठी. गुरुवारी सुनावणी आहे. पट्टी मंजूर झाली तर ट्रक चालू. नाही झाली तर पाण्याच्या टाकीमागं एक मोठी पेटी ठेवणार. ज्याचं त्यानं तिथं नेऊन टाकायचं."

"मग निळे डबे?"

"परत नेणार. तुला काय, तुझा तर निम्मा डबा माझ्याच रद्दीचा असतो!"

आर्लिसनं ताटली बाजूला सारली. डबा गेला तर मंगळवार गेला. मंगळवार गेला तर डेल्मरनं यायचं कशासाठी? कारण असल्याशिवाय तिथला माणूस दुसऱ्याच्या दारात पाय ठेवत नाही, आणि डेल्मर तर मुळीच नाही.

पुढच्या मंगळवारी कॉफी ओततानाच तिनं विषय काढला. "त्या पट्टीबद्दल तुमचं काय मत?"

"विरोध," डेल्मर म्हणाला.

"पण महिन्याला एका कॉफीच्या किमतीएवढीच तर आहे म्हणे."

"मी बाहेर कॉफी पीत नाही." मग बराच विचार करून तो म्हणाला, "वडी छान झालीय."

आता याला काय म्हणावं! डेल्मरनं विरोध करणं नवं नव्हतं. नगरपालिकेच्या प्रत्येक सुनावणीत तो उभा राहायचा. पथदिव्यांना त्याचा विरोध होता, गवत कापायच्या यंत्राला होता, एकदा तर कारंजं बंद करण्यालाही होता आणि सुरू करण्यालाही. पण या वेळी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे या बैलोबाला कळत नाही का? की कळतंय, आणि त्याला कॉफीशी काही देणंघेणं नाही? दुसरा विचार मनात आला आणि आर्लिसनं तो ताबडतोब हाकलला. तो पुन्हा आला. तिनं फरशी पुसायला काढली.

"मी बोलणार सुनावणीत," तिनं ओपलला फोनवर सांगितलं.

"तू? तू तर चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवतेस."

"बोलणार म्हणजे बोलणार."

गुरुवारी सभागृह भरलं होतं. बाहेर बर्फ, आत ओल्या कोटांचा वास. समोर सातजणांची समिती, आणि मधोमध अध्यक्ष पास्कारेला. हा माणूस परगावचा, न्यू जर्सीचा, बायकोच्या माहेरी येऊन स्थायिक झालेला. कामाला वाघ, पण बोलणं फटकन आणि ऐकणंही फटकन. आर्लिसनं निळा स्वेटर घातला होता. नाव नोंदवताना 'बाजूनं' आणि 'बोलायचे आहे' या दोन्ही ठिकाणी तिनं इतक्या जोरात खूण केली होती की कागद फाटला. भाषण पाठ होतं. त्यात झाडं होती, पत्र्याचे डबे होते, नातवंडांचं भविष्य होतं. तिला नातवंडं नव्हती, पण कुणाची तरी असतीलच.

"आर्लिस टोर्गर्सन," अध्यक्षांनी पुकारलं. "बोलायचंय तुम्हाला?"

आणि आर्लिसच्या तोंडून, सत्तर वर्षांच्या वळणानं, आपोआप निघालं, "छे, छे, मी कशाला! बाकीच्यांना बोलू दे की आधी."

सगळं सभागृह दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहत बसलं.

"बरं," पास्कारेला म्हणाले. "पुढचं नाव, डेल्मर हाउगेन."

मागच्या बाकावरची एक म्हातारी "अरे देवा" म्हणाली. ओपलनं कपाळावर हात मारला. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी! एकदा नाही म्हटलं की पुन्हा संधी नाही, असं नियमात छापलेलं होतं. आर्लिसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

डेल्मर शिकारीची नारिंगी टोपी हातात घेऊन माइकसमोर गेला.

"बाईंना परत विचारा," तो म्हणाला.

"त्या नाही म्हणाल्या."

"ते पहिलं नाही होतं."

पास्कारेलांनी चष्मा काढला. "किती असतात?"

"तीन," डेल्मर म्हणाला. "केक असेल तर दोन."

पास्कारेला लोकांकडे पाहू लागले. लोक गंभीरपणे माना डोलावत होते. आठ वर्षं झाली होती त्यांना या गावात. आपल्या घरी पाहुणे नेहमी उपाशी का जातात, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. ते पुढे झुकले. "टोर्गर्सनबाई, बोलता का?"

"नको, उगीच सभेचा वेळ..."

"टोर्गर्सनबाई, मी विनंती करतो."

"आता एवढं म्हणताय तर," आर्लिस म्हणाली, आणि बाकांमधून लोकांचे गुडघे ओलांडत, खुबा कुठला आणि दुखणं कुठलं, पळतच माइकपाशी पोचली.

पोचली, आणि भाषण विसरली. झाडं गेली, पत्र्याचे डबे गेले, नातवंडं तर नव्हतीच. समोर फक्त डेल्मर दिसत होता, बाजूला टोपी धरून उभा.

"माझा डबा जड नाही," ती म्हणाली.

"ही समितीकडे तक्रार आहे का?" पास्कारेलांनी विचारलं.

"नाही हो. माझा खुबाही दुखत नाही. चार वर्षं झाली. डबा मी स्वतः नेऊ शकते. हवं तर डोक्यावर घेऊन नेईन. पण तो डेल्मर नेतो, आणि मग कॉफीला थांबतो. ट्रक बंद झाला तर तो यायचा नाही. म्हणून माझी ती पट्टी द्यायची तयारी आहे. दुप्पट लावा. काय लावायची ती लावा. मला मंगळवार हवाय."

ऑल्डर लेकमध्ये चारचौघांत असं कुणी बोलत नाही. नवरा-बायको पन्नास वर्षं संसार करतात आणि 'तुझ्या हातची बटाट्याची भाजी बरी असते' एवढ्यावर प्रेम आटोपतात. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कारकून बाईंनी हळूच विचारलं, "हे 'बाजूनं' म्हणून लिहू ना?"

"लिहा," आर्लिस म्हणाली. तिचे कान तापले होते, आणि तरी तिला कसं अगदी हलकं, वेड्यासारखं हलकं वाटत होतं.

"हाउगेनसाहेब, तुमचा वेळ उरलाय," पास्कारेला म्हणाले. त्यांचा आवाजही जरा बदलला होता.

डेल्मर खाकरला. "माझा विरोध कायम आहे."

आर्लिस माइकपासून एक पाऊल मागं सरली.

"ही पट्टी घरटी आहे," डेल्मर सांगू लागला. एवढं सलग तो आयुष्यात बोलला नसेल. "तिचं एक घर, माझं एक घर. दोन घरं, दोन पट्ट्या, दोन निळे डबे. माझा अर्धा रिकामा असतो. तिचा पाऊण रिकामा असतो, म्हणून ती मासिकं घालते. एकदा विटा होत्या."

"तुम्हाला माहीत होतं?" आर्लिस ओरडलीच.

"विटा वाजतात," डेल्मर म्हणाला. "तर माझं म्हणणं, ही उधळपट्टी आहे. एवढ्याशा कचऱ्याला दोन डबे लागत नाहीत. एका घरात राहिलं तर एक पट्टी पुरते. माझं घर विकता येईल. तिचं नको. तिच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं."

कुणाच्या तरी हातातलं पेन खाली पडलं.

"ही दुरुस्ती-सूचना समजायची का?" पास्कारेलांनी हळूच विचारलं.

"ते बाईंवर आहे," डेल्मर टोपी गोल फिरवत म्हणाला. टोपीचं कापड आता पिळल्यासारखं झालं होतं.

पास्कारेला आर्लिसकडे वळले. "बाई, मी तीनदा विचारायला तयार आहे."

"काही गरज नाही," आर्लिस म्हणाली. "हो! लिहून घ्या. हो!"

मग काय विचारता. ऑल्डर लेकच्या सभागृहात लोकांनी टाळ्या वाजवल्या. पट्टीवरच्या सुनावणीत टाळ्या! मागच्या म्हातारीनं तर शीळ घातली. ओपल रडत होती आणि "माझी रद्दी, सगळी माझीच रद्दी!" असं शेजारणीला सांगत होती. पट्टी चाराला तीन मतांनी मंजूर झाली आणि एकदाचं गंगेत घोडं न्हालं. डेल्मरनं आपला विरोध कारकून बाईंकडून दोनदा वाचून घेतला आणि नीट नोंदला गेल्याची खात्री करून मगच तो आर्लिसला घरापर्यंत सोडायला निघाला. वाटेत दोघंही बर्फाबद्दल बोलली. दारापाशी त्यानं "बरं" म्हटलं आणि आपल्या गल्लीकडे वळला.

आर्लिसला रात्रभर झोप लागली नाही. सभागृहात, दिव्यांच्या उजेडात, लोकांसमोर माणूस काहीही बोलून जातो. सकाळी शुद्धीवर आल्यावर काय? ती लवकर उठली. केसांना रोलर नव्हते, भाजलेल्या वड्या नव्हत्या, डबा गराजमध्ये रिकामा उभा होता. तिनं कॉफी टाकली, रोजच्यासारखी एका माणसापुरती, मग पाणी वाढवलं, मग वेडेपणा म्हणून थोडं ओतून टाकलं.

दार वाजलं.

बाहेर डेल्मर उभा होता. दाढी केलेली, गालावर कापल्याची खूण, दोन्ही हात रिकामे. रस्त्यावर एकाही घरासमोर डबा नव्हता.

"आज तर शुक्रवार," आर्लिस म्हणाली. घाबरून तिच्या तोंडून भलतंच निघालं. "काय काम काढलंत?"

"काही काम नाही," डेल्मर म्हणाला, आणि बूट झटकून आत आला.