भाटव्यांची निळी तलवार

आमचे भाटवे उजेडाच्या बाबतीत भलतेच कंजूष होते. एरवी हात सढळ. मंडईच्या जत्रेला आले की गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरांना जिलबी चारायचे, पण एलईडीला तिच्या वाट्याची वीज पुरती कधी दिली नाही. "जरासं कमीच दे, साळेबुवा. टिकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. हे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. नागभीडला त्यांचं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

आमचं गाव सिंदेवाहीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये. दिवाळी सरली, धान कापून झालं की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे गोळा होतात, आणि जेवणं उरकली की नाटक. मंडळाच्या नाटकात राजाचं काम माझ्याकडे असायचं, कारण माझा आवाज मोठा. अभिनयाबद्दल कोणी कधी बोललं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच मंडईला भाटव्यांनी माझी चंदेरी कागद चिकटवलेली पुठ्ठ्याची तलवार पाहिली. "हे घेऊन राक्षस मारता? याच्यानं तं वांगंबी नाई कापत," म्हणाले, आणि पुढच्या वर्षी येताना सामान घेऊनच आले.

गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, तिला ताठ ठेवायला आत बांबूची पट्टी, पट्टीवर जोडीजोडीनं निळ्या एलईडी आणि मुठीत नऊ व्होल्टची बॅटरी. ओसरीत पोतं अंथरून ते मला शिकवत. "हे पाय, बॅटरीचे नऊ. एक निळी तीन खाते, दोघी मिळून सहा. उरले तीन. ते कोणी तरी पचवले पायजे ना? नाई तं या दोघी जळतीन. म्हणून हरेक जोडीले एक रजिस्टन्स." हिशेबानं दीडशे ओहमचा पुरायचा. भाटवे मात्र डबीतून नारंगी, नारंगी, तपकिरी पट्ट्यांचा, म्हणजे तीनशे तीसचा काढायचे. मी कुरकुर केली की तेच वाक्य. जावयानं सासरी हात काळे करू नयेत म्हणून आई आतून ओरडत असे, आणि हे फुंकर मारून सोल्डरिंगचा धूर बाजूला करत हसत असत.

आमचे धाकटे काका नाटक बसवायचे. त्यांना तो मंद निळा उजेड बिलकूल पसंत नव्हता. मागच्या बाजूला बैलगाड्यांवर बसलेल्या शेजारगावच्या लोकांचे डोळे दिपले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. एका वर्षी त्यांनी कोणाला न सांगता प्रत्येक रजिस्टन्सला वळसा घालून नुसती तार जोडून टाकली. पहिल्याच लढाईत मी बटण दाबलं, तलवार विजेसारखी लखलखली, मंडपातून "आई गंऽ" उठलं, आणि दुसऱ्या क्षणी सगळं विझलं. राक्षस हात वर करून मरायला तयार उभा. मी गळ्यातला सगळा जोर लावून म्हणालो, "अरे पाप्या, तुझ्या पापानं माझी तलवारसुद्धा काळी पडली!" टाळ्या पडल्या. भाटवे विंगेत पोट धरून बसले होते. सकाळी जळलेल्या एलईडी काढून नव्या लावायला बसले.

ताईला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घराघरांत माहीत आहे. थंडी वाजली, काम जास्त झालं की हातपाय असे दुखायचे की ती दात आवळून भिंतीकडे तोंड करून पडे. भाटव्यांनी तिला कधी चिखलात धानाच्या रोवण्याला जाऊ दिलं नाही. आमच्याकडे आले तरी विहिरीवरून पाणी तेच आणत. जावई डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन येतो म्हणून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "हसू द्या, बाई," ते सासूला म्हणत, "हसल्यानं माझी मान नाई दुखत. तिचे हात दुखते." ताई लटकी रागवायची, पण ते पाणी ओतत असताना त्यांच्याकडे बघत राहायची. तसं कुणी आपल्याकडे बघावं, असं मला तेव्हा वाटे.

एका पावसाळ्यात ताई गेली. तिला मूलबाळ नव्हतं. मंडई जवळ आली आणि घरात कोणी न बोललेला प्रश्न उभा राहिला. आवतण लेकीला द्यायचं असतं. आता फोन कुणाला करायचा? बाबा म्हणाले, "आता त्याईले कोणत्या तोंडानं बलावाचं?" आई फोन हातात घेई आणि ठेवून देई. लेक गेलीच होती, आता जावईही तुटणार, याची तिला धास्ती होती.

मंडईच्या सकाळी भाटवे अंगणात उभे. खांद्यावर सामानाची पिशवी. "तलवारीचं काम होतं," एवढंच म्हणाले. आईनं पाय धुवायला पाणी दिलं. ओसरीत बसून त्यांनी एक-एक एलईडी लावून पाहिली, आणि मधेच हातातली पकड खाली ठेवून म्हणाले, "बाई, तिच्यावर काईच भार नाई टाकला हो मी. जपूनच ठेवलं. तरी काऊन गेली?" आई त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली. दोघंही रडली. मी आत जाऊन उगाच चूल फुंकत बसलो.

त्यानंतर ते दर मंडईला येत राहिले. शेवटी आईनंच विषय काढला. "जवाई, एकटे किती दिस राह्यता? बघा आता कोणी." त्यांनी ऐकलं. लग्न झालं. पुढच्या मंडईला नव्या बाईला घेऊन आले. सावळी, अबोल, येताच आईच्या हातातली गुंडी घेऊन विहिरीवर गेली. आईनं तिची ओटी भरली, कुंकू लावलं, "हे तुयं माहेरच समज," म्हणाली. तिला पोटच्या लेकीसारखं वागवलं. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीत बसेपर्यंत आई हसतमुख होती.

त्यांच्या नव्या सासरच्या गावाची मंडई नेमकी आमच्याच दिवशी असते. पुढच्या वर्षी भाटव्यांचा फोन आला. तारखेचं सांगायला लागले. आईच म्हणाली, "तिले तिच्या माहेरी न्या, जवाई. लेक मंडईले माहेरीच पायजे." फोन ठेवून ती चुलीपाशी बसली आणि ताई गेली त्या दिवशीही रडली नव्हती इतकी रडली. मी पाठीवर हात ठेवला तेव्हा म्हणाली, "जवाई एकटे येत होते ना, तवा मले वाटे, पोरगी नागभीडले मांगं राह्यली, तब्येत बरी नसन म्हणून आली नसन. बाबू, आता पोरगी नाईच राह्यली रे."