त्याचं ‘हो’ खरं होतं

तुमाला वाटत असंल, ह्यो आता एखाद्या पोरीची भानगड सांगणार. न्हाईतर परीक्षेतली कॉपी. तसलं असतं तर कवाच सांगितलं असतं — हातवारे करून, वर टाळी घेऊन. हे कुणालाच सांगितलेलं न्हाई. आईला न्हाई, दोस्ताला न्हाई. दोस्ताला तर मुळीच न्हाई — त्याचंच हाय हे.

आधी माझं सांगतो. मला नकला येतात. धारूरच्या आमच्या कॉलेजात असा एक सर न्हाई ज्याचा आवाज म्या काढला न्हाई. प्राचार्यांच्या आवाजात हाक मारून शिपायाला दोनदा जिना चढायला लावलाय. लोक हसायचे. लोक हसले की मला थांबता येत न्हाई — हे कारण म्हणून सांगत न्हाई, नुसतं माहीत असू द्या.

विजू माझा रूम पार्टनर, वर्गातबी शेजारीच बसायचा. पोलीस भरतीची तयारी करायचा. सकाळी किल्ल्याच्या रस्त्यानं पळायचा, दुपारी जीकेची पुस्तकं. त्याचे वडील, अण्णा, गावाकडून एसटीनं डबा घेऊन यायचे अन् खालूनच, दोनदा खाकरून, हाक मारायचे — “विजूशेठ, जेवलाव का?” पोराला शेठ म्हणणारा माणूस! त्यांची नक्कल म्या त्यांच्यासमोरच केलती. पोट धरून हसलते.

मग ते वारले. अटॅक आला, शेतातच.

अन् दोन महिन्यांनी — कसं सांगू? — भर दुपारी मी खोलीखालच्या पाण्याच्या टाकीमागं उभा राहिलो. दोनदा खाकरलो. अन् हाक मारली.

कावून मारली? लई विचार केलाय. तो आवाज अजून जमतो का, बघायचं होतं. एवढंच. अन् जमला. विजू अनवाणी, धाडधाड जिना उतरून पार रस्त्यापर्यंत गेला. म्या हसायला तोंड उघडलं — हसू आलं न्हाई. मग थांबायचं ना? पुढच्या आठवड्यात परत मारली. त्याच्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तर टाकीला वळसा घालून, आत्ताच कॉलेजातून आलोय असा चेहरा करून त्याच्यासमोर गेलो.

“कुणी हाक मारली बे आत्ता?”

“न्हाई की. मी ह्याच रस्त्यानं आलो. कुणीच न्हाई.”

त्याच महिन्यात मानसशास्त्राच्या मॅडमनं वर्गात फॉर्म वाटले. त्यांचं संशोधन चाललं होतं. पाच पानं, एकेका प्रश्नापुढं ‘हो’ अन् ‘नाही’चे चौकोन.

“नाव लिहू नका,” मॅडम म्हणाल्या. “यात पास-नापास काही नाही. काहींचा स्वभाव जरा वेगळा असतो, त्यांना वेगळे अनुभव येतात, तेवढंच मोजायचंय. फक्त स्वतःबद्दल खरं लिहा.”

लोक आपल्याविषयी कुजबुजतात असं वाटतं का? चारचौघांत अवघडल्यासारखं होतं का? मी मॅडमच्याच आवाजात हळूच वाचत होतो, मागचा बाक फिदीफिदी हसत होता. तिसऱ्या पानावर आलो — जवळपास कुणी नसताना तुम्हाला कधी आवाज ऐकू आला आहे का?

माझं वाचणं थांबलं. शेजारी विजूचा पेन थांबलाच होता. मग त्यानं ‘हो’वर खूण केली. दाबून.

खरं लिहा म्हणल्यावर खरं लिहिणारा तो वर्गात एकटाच असंल. अन् त्याचं ते खरं म्या टाकीमागं उभं राहून बनवलं होतं. कागदाला हे कसं कळावं? मला कळत होतं. मी पुढचं पान उलटलं.

तास सुटल्यावर तो स्वतःच मॅडमकडं गेला. त्या म्हणाल्या, एका फॉर्मवरून कुणी आजारी ठरत नाही. तरी त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखव. चांगलंच बोलल्या की. विजूनं त्यातलं फक्त ‘डॉक्टर’ ऐकलं.

अंबाजोगाईला मीच संगं गेलतो. डॉक्टर वयस्कर, शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाले, “जवळचं माणूस गेल्यावर होतं असं कधीकधी. पण कुणी खोडी तर काढत नाही ना?”

आता बोल — मी मनात म्हणलो — आता.

“न्हाई सर,” विजू म्हणाला, “ह्यो दोस्त तवा तिथंच होता. त्याला कायबी ऐकू आलं न्हाई.”

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

“न्हाई सर,” मी म्हणलो. माझ्याच आवाजात. “कायबी न्हाई.”

डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. पण भरतीचा फॉर्म विजूनं भरला न्हाई. “उद्या हातात बंदूक दिली अन् कानात अण्णा बोलले तर?” असं म्हणाला. शेवटच्या तारखेला आठ दिवस होते. आठही दिवस आमी एका ताटात जेवलो. म्या तोंड उघडलं ते घासापुरतं. तारीख गेली. आता तो गेवराईच्या बाजूला हायवेवर एका गॅरेजात टायर बदलतो.

अन् शिव्या? बसल्या की मलाबी. अंबाजोगाईहून परत येताना, स्टँडवर, विजूला कळलं की त्या दिवशी माझं भूगोलाचं प्रॅक्टिकल होतं. लई भडकला. सगळं स्टँड बघत होतं.

“येडा हायस का बे? माझ्यापायी परीक्षा बुडवलीस? तुझ्या घरी काय तोंड दाखवू मी? एवढा चांगुलपणा कुणी सांगितला होता तुला? खाली काय बघतूस — बोल की!”