मीनलच्या भिंतीवरचे ठिपके

"काकूंवर ऑस्ट्रेलियातून केस..."

पॉटलकमध्ये कोणीतरी एवढंच बोललं आणि मला बघून गप्प झालं. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत किस्से बर्फासारखे साचतात, आणि ते पसरवते बहुतेक मीच. या वेळी मात्र काकू म्हणजे मीच होते, म्हणून मुळापासून सांगते.

*

शेजारच्या मीनलच्या हॉलमध्ये एक मोठं चित्र आहे. नुसते ठिपके. ती ऑस्ट्रेलियात नोकरीला असताना तिथल्या एका आदिवासी बाईंकडून घेतलेलं. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता मी ठिपके मोजायला घेतले.

"मीनल, ओळी जुळत नाहीत गं. जोडायची कशी ही?"

"काकू, रांगोळी नाहीये ती. त्यांच्या आजीच्या मुलखातलं पाणी आहे."

*

तिचा नवरा निखिल एकदा म्हणाला, "भिंत आपली, खिळा आपला, चित्र आपलं. मग प्रिंट काढून ऑफिसात लावलं तर काय बिघडलं?"

"चित्र आपलं. गोष्ट त्यांच्या घराण्याची. त्यांची सख्खी भाचीसुद्धा विचारल्याशिवाय ती चित्रात काढत नाही, यार," मीनल म्हणाली.

मी तिथेच बसले होते. ऐकलं आणि विसरले.

*

दिवाळीला मंडळाच्या हॉलमध्ये मी तेच चित्र आठवून रांगोळीत काढलं. सगळे फोटो काढत होते. मीनल आली, बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, त्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला होता हो."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. रांगोळी मी माझ्या हातांनी पुसली. मीनलने घरी जाऊन त्या बाईंना सगळं खरं कळवलं, फोटोसकट.

*

आठ दिवसांनी त्या बाईंची ईमेल आली. मीनलने मला मराठीत वाचून दाखवली: "पुसलंत, बरं केलंत. आधी विचारायला हवं होतं. काकूंचा हात चांगला आहे. त्यांची स्वतःची रांगोळी कुठली? तिचा फोटो आमच्या चित्रकारांच्या सेंटरमध्ये लावू का? आणि ती ज्यांची असेल, त्यांना विचाराल?"

तर केस वगैरे काही नाही. ऑस्ट्रेलियातून विचारणा झाली, एवढं खरं. इतक्या वर्षांत माझ्या रांगोळीबद्दल असं कोणी विचारलं नव्हतं. मीनलसमोरच डोळे पुसले.

*

माझी कासवाची रांगोळी साताऱ्याच्या ताराआत्याची. तिला व्हिडिओ कॉल लावला, सगळं सांगितलं.

"लावू देत," ती म्हणाली. "पण मधला ठिपका कशाचा, ते सांगू नकोस त्यांना."

"आत्या, ते मला तरी कुठे माहीत आहे?"

"मग काळजीच नाही," म्हणाली आणि फोन ठेवला.