आमच्या घराण्यात असलं काही नाही

धाकटा भाऊ मित्राच्या वरातीत कोसळला. कानाजवळ फटाक्यांची माळ लागली आणि हा उभ्याउभ्या खाली. लोकांनी काय केलं? एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, दुसरा कांदा फोडून घेऊन आला. थोड्या वेळानं तो आपोआप शुद्धीवर आला आणि श्रेय चपलेला मिळालं. हडपसरच्या आमच्या गावठाणात कोणीही पडलं की ती मिरगीच, आणि मिरगीवर चप्पल. घरोघरी दारात एवढ्या चपला असताना माणसं मरतात तरी कशी, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी., प्राणिशास्त्र. हे मी सांगत फिरते, कारण पास झाले तेव्हा घरात कोणी ओवाळलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी ईसीजीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "ठोका पडल्यावर ही लाट खाली बसायला फार वेळ घेतेय, बघा."

कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलेलं सगळं त्या कागदावर उभं राहिलं. हृदयाला ठोक्यासाठी मेंदूची परवानगी लागत नाही. वरच्या कप्प्यातल्या मूठभर पेशी स्वतःच विजेचा इशारा सोडतात आणि तो पेशीपेशीतून खाली पसरतो. प्रत्येक पेशीच्या पडद्यात बारीक दारं असतात. सोडियम आत घुसतं, पेशी चेतते. मागून कॅल्शियम येतं, ती आकसते. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी मोकळी होते. माझ्या भावाचं ते पोटॅशियमचं दार आळशी. पेशी शांत व्हायच्या आत माणूस दचकला, तर भलत्या वेळी इशारा उठतो, ताल मोडतो आणि हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरतं. ताल परत लागला तर माणूस उठतो. नाही लागला तर नाही.

"हे रक्तातून येतं," बाई म्हणाल्या. "जवळच्या सगळ्या नातेवाइकांचा ईसीजी काढा. रोजची साधी गोळी असते. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं."

माझा कागद स्वच्छ निघाला. वडिलांचा नाही. म्हणजे वाट त्यांच्याकडून आली होती, आणि त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी गेल्या वर्षी पहाटेच्या अलार्मनं दचकून अंथरुणातच पडली होती. तिलाही चप्पलच हुंगवली होती. आता तिचं लग्न ठरलेलं, वाघोलीचं स्थळ, साखरपुडा झालेला.

मी चुलत्यांच्या बंगल्यावर गेले.

"बस. च्या घे," ते म्हणाले. "आन् ते कागद आदी पिशवीत घाल."

"आबा, तिचा एक ईसीजी काढू. तासाभराचंही काम नाही."

"आमच्या घराण्यात असलं काय न्हाय."

"तुमच्या सख्ख्या भावाला आहे."

"त्याला शुगर हाय. शुगरनं हुतं तसं."

चुलती आतून म्हणाली, "अगं बाई, पत्रिका वाटून झाल्या. आत्ताच बरी आठवण झाली तुला हार्टाची!"

"शिकलीस, लई चांगलं झालं," चुलते म्हणाले. "पर शिक्षान घरच्यांवर काढू नको. पोरगी एकदा नांदाया जाऊ दे, मग काय तारा जोडायच्या त्या जोड."

चुलतबहीण मला सोडायला फाटकापर्यंत आली. मी स्कूटरला किल्ली लावली तरी ती हँडल सोडेना.

"ताई, कळलं तर वाघोलीच्यांना सांगावं लागेल ना?"

"हो."

"आणि कळलंच नाही, तर मी लपवलं असं कोणी म्हणणार नाही."

"अगं, जीव जाईल तुझा."

"सगळ्यांचा जातो का?"

"सगळ्यांचा नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि तिनं हँडल सोडलं.

लग्न वाघोलीच्या लॉनवर झालं. डीजेच्या ठोक्यांनी खुर्च्या हादरत होत्या. मी स्टेजच्या पायरीशी उभी होते. लोकांना वाटलं, काय ही बहिणीची माया! चुलते फेटा सावरत जवळ आले. "काय मॅडम? उभी हाय का न्हाय पोरगी?" पाहुणे हसले. पोरगी उभी होती. काही झालं नाही, आणि त्या काही न झाल्यानं मी सगळ्या भावकीत कायमची खोटी ठरले.

वडील आणि भाऊ रोज गोळी घेतात. चुलत्यांच्या घरून मला आता लग्नकार्याचं बोलावणं येत नाही. त्याचं मला काही नाही. पण या आजारात सर्दी-तापाची काही औषधंसुद्धा घात करतात, म्हणून परवा मी बहिणीला मेसेज केला: कोणत्याही डॉक्टरकडे गेलीस तर औषध घेण्याआधी ईसीजी काढायला सांग, घरात चुलत भावाला आहे म्हणावं.

लगेच उत्तर आलं. "ताई, असलं पाठवू नकोस. माझा फोन हे पण बघतात."

मी मेसेज दोन्हीकडून डिलीट केला. संसार वाचला पाहिजे ना तिचा.