हबीबचं बोट

हबीब गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावरचा साबण पुसला आणि खामगावहून तसाच पिंपळगाव राजाला निघालो. माती देऊन परतताना पुढे चाललेला एक तरुण शेतकरी सोबत्याला सांगत होता, "साप चावला का हबीबचाचासारखं करा लागते. बोट उडवलं का जीव वाचते." तीस वर्षं मी पसरू दिलेलं खोटं माझ्यासमोर चालत होतं... म्हणून, थोडं उशिरा का होईना, हे लिहितो आहे.

हबीब दर्जी होता. माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा मित्र. तीस वर्षांपूर्वी, मीही गावातच राहत होतो तेव्हा, एका दुपारी तो आमच्या घरी कपड्यांची मापं घ्यायला आला होता. त्याचा खडू घरंगळत पोत्यांच्या थप्पीमागे गेला. त्याने हात घातला आणि झटकन मागे ओढला. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटावर दोन बारीक ठिपके होते. थप्पीतून निघालेला काळसर, पांढऱ्या पट्ट्यांचा साप मी काठीने ठेचला. गावात साप निघाला की लोक मलाच बोलवायचे, साप ओळखणारा म्हणून माझा तोरा होता.

"मण्यार हाय," मी म्हणालो.

"पक्कं हाय का बे, भास्कर?"

"डोळे झाकून सांगतो."

खामगावला जायला गाडी मिळेपर्यंत मण्यारीचं विष थांबणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हबीबने मापाचा टेप मनगटाला करकचून बांधला, बोट उंबऱ्यावर ठेवलं आणि पिशवीतून कापड बेतायची मोठी कात्री काढली. मी त्याचं मनगट धरलं. मला रडू फुटलं.

"काऊन रडतं बे? बोट माहं हाय," तो म्हणाला. "नऊ बोटांचा दर्जी म्हणतीन लोक, दुसरं काय!"

पहिल्यांदा कात्री हाडात अडकली... तो ओरडला नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिला. दुसऱ्यांदा त्याने सगळा जोर लावला.

दवाखान्यात डॉक्टर रागावले. कापून विष थांबत नाही, म्हणाले, आणि साप घेऊन यायला सांगितलं. मी घरी आलो, तो उचलला, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. मण्यारीचे पट्टे मानेजवळ पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. याचे उलटे होते. तो कवड्या होता. बिनविषारी. मी तो उकिरड्यात पुरला आणि डॉक्टरांना सांगितलं, कुत्र्याने नेला.

हबीब घरी आला तेव्हा अख्खं गाव त्याला पाहायला लोटलं. "भास्करनं वळखला म्हून जगलो," असं तो प्रत्येकाला सांगायचा. वर्षभर त्याची शिवण सरळ येत नव्हती, बायकांची ब्लाउजं दुसऱ्या दर्ज्याकडे गेली. उरलेल्या बोटांनी कापड धरायला तो नव्याने शिकला. दर ईदला माझ्याकडे शिरखुर्म्याचा डबा येत राहिला. मी तो खात राहिलो.

गेल्या आठवड्यात त्याच्या दुकानात जाऊन त्याच्या मुलाला, सलीमला, सगळं सांगितलं. हे लिहायचं आहे, हेही सांगितलं.

"म्हंजे... कापाची गरजच नव्हती?"

"नव्हती."

"अब्बाले काऊन नाही सांगितलं, काका?"

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत तीस वर्षं गेली, एवढंच माझ्याकडे उत्तर होतं. त्याने डोळे पुसले. "लिहा तुम्ही. लोकाइले कळू द्या. पण अब्बाले येडं नका ठरवू."

हबीब वेडा नव्हता. त्याने मित्राच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो शब्द चुकीचा होता. साप चावला तर कोणी काही कापू नका, दवाखाना गाठा.

सलीम चहा सांगायला गेला तेव्हा मी मशीनपाशी बसलो. सुईच्या डाव्या बाजूला, कापड दाबून दाबून, हबीबच्या बोटांनी फळी झिजून गुळगुळीत झाली आहे. त्या खुणांवर मी माझा डावा हात ठेवून पाहिला. एक बोट मला आत दुमडून घ्यावं लागलं.